वडशाची ड्रेपरी आणि कॉस्प्ले: मुकुट झकास, चिलखत सांभाळून

गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा-देसाईगंजच्या बाजारात झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांना कपडेपट पुरवणारी दुकानं आहेत. त्यातल्या एका जुन्या ड्रेपरीबद्दल हे परीक्षण आहे. प्रश्न एवढाच, की कॉस्प्लेसाठी, म्हणजे कॉमिक कॉन या चाहत्यांच्या मेळाव्यात आवडत्या पात्राचा वेश करून जाण्यासाठी, राजा, राक्षस, योद्धा असा पोशाख इथून करून घ्यावा का? घ्यावा. पण दुकान कोणत्या अंतरासाठी माल बनवतं, ते डोक्यात ठेवून घ्यावा. मंडपातला प्रेक्षक तीस-चाळीस फुटांवर बसलेला असतो, तोही रात्री, दिव्यांच्या झगमगाटात. कॉनमधला माणूस भरदिवसा हातभर अंतरावरून मोबाइल रोखतो. या दुकानाचं जे चांगलं आहे आणि जे फसतं, ते सगळं या एका फरकातून येतं.

ऑनलाइन फोमचे तयार संच मागवणाऱ्यांना ड्रेपरी म्हणजे गावठी तोडगा वाटते. इतिहास पाहिला तर उलट आहे. विज्ञानकथांच्या चाहत्यांचं पहिलं जागतिक संमेलन जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्कला भरलं. मानाचा पाहुणा लेखक नव्हता, फ्रँक आर. पॉल हा चित्रकार होता. १९२६ साली निघालेल्या ‘अमेझिंग स्टोरीज’च्या पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ त्याचंच. त्याच्या चित्रांतले कपडे पाहून मर्टल डग्लस या चाहतीनं दोन पोशाख शिवले. एक स्वतः घातला, दुसरा तिचा मित्र फॉरेस्ट ॲकरमननं. पुढच्याच वर्षी शिकागोच्या संमेलनात वेशभूषेची रीतसर स्पर्धा झाली. ‘कॉस्प्ले’ हा जपानी शब्द तर १९८०च्या दशकातला. म्हणजे या प्रकाराची सुरुवातच मासिकाचं मुखपृष्ठ, कापड आणि सुईदोरा यांच्यापासून झाली. चित्र बघून कपडा उभा करणं हे ड्रेपरीवाल्याचं रोजचंच काम.

मात्र त्याच्या नजरेला सवय कोणत्या चित्रांची आहे, हे ओळखा. रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या रंगीत छापील चित्रांतून देव-राजे कसे दिसतात ते घराघरांत ठरून गेलं. नंतर ‘चांदोबा’तल्या चित्रांनी, विशेषतः शंकर यांच्या विक्रम-वेताळानं, तीच नजर पक्की केली. त्यामुळे मुकुट, बाहुबंद, कंबरपट्टा, गदा, सिंहासन सांगा. नमुना न दाखवताही झकास होऊन येईल. अमेरिकी चित्रकार फ्रँक फ्रॅझेटाच्या धाटणीचा रानटी योद्धा सांगितला की घोटाळा होतो. १९६०च्या दशकात पेपरबॅकच्या मुखपृष्ठांवर फ्रॅझेटानं जे चित्र रूढ केलं, त्यात उजेड मधल्या देहावर असतो. कडा, पाठ, पाय अंधारात विरलेले. कारागिराला जे दिसत नाही ते तो आपल्या पोतडीतून भरतो, आणि तुमच्या रानटी योद्ध्याच्या पाठीवर शिवकालीन जरीची वेलबुट्टी येते. दोष त्याचा नाही. पुढून, मागून, बाजूनं अशी तीन रेखाटनं द्या आणि प्रत्येक तुकड्याशेजारी कापड की चामडं की धातू, ते मराठीत लिहून द्या.

मुकुट ही इथली खरी कमाई. मातीच्या साच्यावर मैद्याच्या खळीनं वर्तमानपत्राचे सहा-सात थर, दर दोन थरांनंतर वाळवण, मग खडूची भुकटी आणि सरस यांचा लेप, त्यावर पॉलिश पेपर आणि शेवटी सोनेरी रंग व बेगड. कसर लागू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद घालतात. ते विषारी असतं, म्हणून आतून कापडी अस्तर लावूनच घ्या. कपाळाचं माप टोप (केसांचा विग) घालून द्या आणि आत ५ मिलिमीटर फोमची पट्टी मागा, नाहीतर नाटकातल्या एका प्रवेशापुरता बेतलेला मुकुट सहा तासांत कपाळ सोलतो. सोनेरी भुकटीत तांबं-जस्त असतं, घामानं ती हिरवट-काळी पडते. वर पारदर्शक लॅकरचा हात हवाच. दुकान तो आपणहून देत नाही.

चिलखताकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. नेहमीचं चिलखत पुठ्ठ्यावर बेगड चिकटवलेलं असतं आणि रेल्वेत बसताच कमरेशी मोडतं. इथे ईव्हीए या लवचीक फोमची शीट सांगा: छातीला ६ मिलिमीटर, खांद्याला १०, नक्षीला २. चपलेच्या तळव्याची शीट देऊ केली तर नको म्हणा, ती घट्ट असते, वळत नाही. चिकटवताना पंचाईत अशी की सरसाची सवय असलेला हात ओलं असतानाच दाबतो. चांभाराच्या सोल्युशनचं तसं नसतं. दोन्ही बाजूंना पातळ हात देऊन दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासं झालं की एकदाच नेमकं टेकवायचं. दमट हवेत वेळ वाढतो. घाईनं जोडलेला सांधा दुसऱ्या दिवशी उकलतो, आणि मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेला तर हमखास.

रंगाआधी हीट गननं फोमचा पृष्ठभाग किंचित चकाकेपर्यंत शेकायचा, मग पाणी घातलेल्या फेविकॉलचे तीन हात, मग ॲक्रिलिक. दुकानात ऑइल पेंट वापरतात. वाकणाऱ्या फोमवर त्याला भेगा पडतात. ॲक्रिलिक तुम्हीच घेऊन जा.

आणि चकाकी! जुनाट, गंजकं, लढाईत झिजलेलं चिलखत ही कल्पना इथे पटवून देणं अवघड. ‘दुरून चमकते का नाही थे पाहा, भाऊ,’ हे उत्तर मिळतं, आणि झाडीपट्टीच्या रंगमंचासाठी ते बरोबरच आहे. वाद घालू नका. वरचा वॉर्निश नको म्हणून सांगा, आणि घरी काळा ॲक्रिलिक पातळ करून खाचांत भरा, ओल्या फडक्यानं पुसून काढा. अर्ध्या तासाचं काम.

शस्त्रं दुकानातली घेऊच नका. तलवारी पत्र्याच्या असतात आणि कॉनच्या फाटकावर धातू, काच, धारदार वस्तू अडवतात. फोमची करून घ्या, आत पीव्हीसीची नळी.

अंगाला निळा-हिरवा रंग लावणार असाल तर पाण्यात कालवायचा पॅनकेक मेकअप आणि वर पावडर. जुन्या सवयीनं कुणी मुर्दाडशिंग सुचवलं तर साफ नकार द्या, त्यात शिसं असतं. रंग दुसऱ्याच्या कपड्याला लागणं हा तर कॉनमधला जुनाच तंटा. १९७२च्या लॉस एंजेलिस संमेलनात एकानं अंगाला शेंगदाण्याचं बटर फासलं होतं. दिव्यांच्या उष्णतेनं ते पातळ झालं, आजूबाजूच्या पोशाखांना लागलं, आणि तसल्या पोशाखांवर बंदी आली.

हाती रंगवलेले पडदे हे दुकानातलं सगळ्यात दुर्लक्षित धन. जंगल, दरबार, किल्ल्याची तटबंदी. आता फ्लेक्स स्वस्त पडतो म्हणून ते गुंडाळून पडलेत. फोटोसाठी एक रात्र भाड्यानं घ्या. फ्लेक्सवर फ्लॅशचा चट्टा उमटतो, या कापडावर उमटत नाही. फक्त घडी घालू नका, बांबूवर गुंडाळा. सरसातला रंग घडीवर तडकतो आणि पाण्याच्या थेंबानं डागाळतो.

वेळेचं गणित मात्र काटेकोर सांभाळावं लागतं. दिवाळीनंतर होळीपर्यंत नाटकांचा हंगाम, तेव्हा तुमच्या कामाला कुणी हात लावणार नाही. आषाढ-श्रावणात रोवणी (भाताची लावणी) चालते, माणसं बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, असतात, आणि मुकुटाचा कागदही वाळत नाही. ऑर्डर होळी ते मृग यांच्यामध्येच द्या. त्या उन्हात कागद झपाट्यानं वाळतो, म्हणून तडेही जातात. सावलीत वाळवा, असं ऑर्डरच्या कागदावर लिहून घ्या. हिवाळ्यातल्या कॉनसाठी सामान घरी सात-आठ महिने ठेवावं लागेल. त्यात कडुनिंबाचा पाला टाका.

भाड्याचा हिशेब दिवसावर नाही, रात्रीवर असतो. शनिवार-रविवारच्या पुण्यातल्या कॉनसाठी गुरुवारी सामान उचललं आणि मंगळवारी परत दिलं, तर पाच रात्री लागतात. तेवढ्यात मुकुट विकतही परवडतो, म्हणून आधी दोन्ही भाव विचारा. डिपॉझिट देताना तुटलेले मणी, निघालेली टिकली दुकानदारासमोरच मोजून पावतीवर लिहून घ्या. परत देताना तो मोजतोच.