लाइनमनची रिकामी जागा कोणी भरली, हे पाहण्यासाठी : एनएफएल प्लस प्रीमियमचे परीक्षण

अमेरिकन फुटबॉलमध्ये संघाचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) बदलला, तर नव्या खेळाडूने जुन्याची जागा कितपत भरून काढली हे आकडेवारीवरून पुष्कळसे कळते. पण ऑफेन्सिव्ह लाइनमधला, म्हणजे क्वार्टरबॅकपुढे उभे राहून बचावपटूंना अडवणाऱ्या पाच जणांच्या फळीतला सेंटर (मधला), गार्ड (त्याच्या शेजारचा) किंवा टॅकल (कडेचा) निवृत्त झाला अथवा फ्री एजन्सीत (करार संपल्यावर नवा संघ निवडण्याच्या मुभेत) दुसऱ्या संघाकडे गेला, तर त्याच्या वारसाचा हिशेब मांडायला प्रेक्षकाच्या हाती जवळजवळ काहीच उरत नाही. चेंडू फेकणे, झेलणे किंवा घेऊन पळणे यांपैकी कोणतेही काम त्याच्याकडे नसल्यामुळे नोंदवहीत त्याच्या नावापुढे खेळलेले सामने आणि होल्डिंगसारख्या (प्रतिस्पर्ध्याला बेकायदा धरून ठेवण्याच्या) पेनल्टी यांपलीकडे फारसे काही येत नाही. दूरचित्रवाणीचा कॅमेरा तर स्नॅप होताच, म्हणजे सेंटरने चेंडू मागे देताच, चेंडूच्या मागे जातो आणि ज्या दोन-अडीच सेकंदांत लाइनमनचे काम साधते किंवा फसते, ती पडद्याच्या कडेला कुठेतरी निघून जातात. ही उणीव भरून काढण्यासाठी अमेरिकेतील प्रेक्षकांना उपलब्ध असलेली सोय म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगच्याच एनएफएल प्लस सेवेची प्रीमियम वर्गणी. त्या सेवेतील थेट प्रक्षेपण, रेडझोन वगैरे गोष्टी बाजूला ठेवून, संघ सोडून गेलेल्या लाइनमनच्या जागी आलेला खेळाडू पारखण्यासाठी तिचा कितपत उपयोग होतो, एवढेच येथे पाहायचे आहे.

एनएफएल प्लस ही सेवा २०२२मध्ये सुरू झाली आणि प्रीमियम वर्गणीचा दर २०२३मध्ये महिन्याला १४.९९ डॉलर असा ठरला. त्या पैशांत मिळणाऱ्या गोष्टींपैकी आपल्या कामाची खरी वस्तू म्हणजे ‘ऑल-२२’ या नावाने ओळखले जाणारे, प्रशिक्षक वापरतात तसे चित्रीकरण. मैदानावरील बावीसच्या बावीस खेळाडू एका चौकटीत मावतील अशा उंचीवरून घेतलेला एक कोन बाजूरेषेवरचा असतो आणि दुसरा एंड झोनच्या (मैदानाच्या टोकाच्या, गुण मिळवण्याच्या पट्ट्याच्या) मागून, म्हणजे खेळ ज्या दिशेने सरकतो त्या रेषेतला. पासच्या रचना, कॉर्नरबॅकची जागा, सेफ्टीची हालचाल (दोघेही पास रोखणारे मागचे बचावपटू) यांत रस असणाऱ्यांना पहिला कोन आवडतो. लाइनमन पाहायचा असेल तर पहिल्या कोनाकडे फारसे लक्ष देण्याची गरज नाही, कारण त्यात पाच जणांची फळी एकावर एक चढलेली दिसते आणि कोणाचे पाऊल कुठे पडले ते कळत नाही. दुसऱ्या कोनात मात्र प्रत्येकामधले अंतर, पहिल्या पावलाची दिशा, हात प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर पडले की खांद्याबाहेर, कंबर किती खाली आहे, हे सगळे उघडे पडते. माझ्या मते या वर्गणीतील लाइनपुरते मोल बहुतांशी याच एका कोनात आहे.

चाचणीसाठी सर्वांत चांगले उदाहरण फिलाडेल्फिया ईगल्सचे आहे. त्यांचा सेंटर जेसन केल्सी १३ हंगाम खेळून मार्च २०२४मध्ये निवृत्त झाला. २०११च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) सहाव्या फेरीत, १९१व्या क्रमांकावर निवडला गेलेला हा खेळाडू सहा वेळा ऑल-प्रोच्या (हंगामातील सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या यादीच्या) पहिल्या संघात आला आणि त्याने सलग १५६ सामन्यांत सुरुवात केली. त्याच्या जागेवरच्या इतरांच्या मानाने तो वजनाने हलका होता आणि ईगल्सच्या धावत्या आक्रमणाची आखणीच त्या हलकेपणाच्या आधाराने झाली होती : चेंडू मागे देऊन लगेच बाजूच्या बचावपटूच्या बाहेरून वळसा घालणे, फळी सोडून कडेपर्यंत धावणे, स्क्रीन पासच्या (लाइनमनच्या आडोशाने दिलेल्या आखूड पासच्या) वेळी सगळ्यांच्या पुढे जाऊन एखाद्या बिचाऱ्या कॉर्नरबॅकला गाठणे. अशा खेळाडूनंतर संघासमोर दोन वाटा असतात. तसाच खेळाडू शोधायचा, किंवा वेगळ्या घडणीचा खेळाडू घेऊन खेळाची आखणी बदलायची. ईगल्सने पहिली वाट फार आधी धरली होती. नेब्रास्का विद्यापीठात टाइट एंड (अडवणे आणि पास झेलणे ही दोन्ही कामे करणारा खेळाडू) म्हणून दाखल होऊन पुढे सेंटर झालेल्या कॅम जर्गन्सला त्यांनी २०२२मध्येच दुसऱ्या फेरीत, ५१व्या क्रमांकावर घेतले होते. म्हणजे केल्सीने निरोप घेईपर्यंत त्याच्या वारसाची दोन वर्षे त्याच्याच शेजारी शिकण्यात गेली होती.

२०२३ आणि २०२४ या दोन हंगामांतील धावत्या खेळी एंड झोनच्या कोनातून लागोपाठ पाहिल्या, की कोणताही आकडा न सांगणारी एक गोष्ट लक्षात येते. सेंटरला मोकळे करून कडेला पाठवण्याचे प्रकार जर्गन्सच्या काळातही शिल्लक आहेत. प्रशिक्षकांचा नव्या खेळाडूवर विश्वास नसता, तर हे प्रकार सर्वांत आधी गुंडाळले गेले असते. २०२४च्या हंगामात चेंडू घेऊन पळणाऱ्या सॅक्वन बार्कलीने २००५ यार्ड अंतर कापले हे खरे असले, तरी त्याचे श्रेय थेट सेंटरला देणे भोळेपणाचे ठरेल. कारण बार्कली स्वतः त्याच वर्षी संघात आला होता आणि आक्रमणाची सूत्रे सांभाळणारा केलन मूरही नवाच होता. एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या असताना यार्डांची बेरीज कोणाच्या खात्यावर मांडायची, हे चित्रीकरण पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही. पाहिल्यावर माझे मत असे झाले, की केल्सीची लाइनबॅकरपर्यंत (बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या खेळाडूपर्यंत) पोहोचण्याची वाट अधिक चतुर होती, तर जर्गन्स तिथे पोहोचल्यावर अधिक जोर लावतो. क्वार्टरबॅकला मागून ढकलून एखादा यार्ड मिळवण्याच्या ईगल्सच्या प्रसिद्ध खेळीत केल्सीवाचून निभावेल का, अशी शंका पुष्कळांना होती. ती खेळी २०२४मध्येही चालत राहिली. जर्गन्स त्या वर्षी प्रो बोल या मानाच्या यादीसाठी निवडला गेला, आणि एप्रिल २०२५मध्ये संघाने त्याच्याशी चार वर्षांचा ६ कोटी ८० लाख डॉलरपर्यंतचा करार केला.

केल्सीची गोष्ट इतकी सरळ आहे, की तेवढ्यावरून कोणतीही सेवा चांगली वाटावी. खरी कसोटी त्याच फळीतल्या उजव्या गार्डच्या जागेवर लागते, कारण तिथला माणूस वर्षागणिक बदलत गेला. आयझॅक सेउमालो २०२३मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सकडे गेला. त्या हंगामात ती जागा मूळच्या सेंटर जर्गन्सने सांभाळली. जर्गन्स मध्यभागी सरकल्यावर २०२४मध्ये तिथे मकाई बेक्टन आला. आणि मार्च २०२५मध्ये बेक्टन लॉस एंजेलिस चार्जर्सकडे गेल्यावर २०२३च्या तिसऱ्या फेरीतल्या टायलर स्टीनकडे ती जबाबदारी आली. यातला बेक्टन विशेष पाहण्यासारखा आहे. न्यूयॉर्क जेट्सने २०२०मध्ये ११व्या क्रमांकावर निवडलेला, गुडघ्याच्या दुखापतींनी मागे पडलेला हा अवाढव्य टॅकल गार्ड म्हणून कधी स्थिरावेल, असे फारसे कोणाला वाटले नव्हते. टॅकलला बाहेर मोकळ्या जागेत वेगवान एज रशरच्या (कडेने क्वार्टरबॅककडे धावणाऱ्या बचावपटूच्या) मागे सरकावे लागते, तर गार्डला दोन्ही बाजूंना सोबती मिळतो आणि लढाई अरुंद जागेत होते. त्यामुळे बेक्टनच्या पावलांची उणीव झाकली गेली आणि त्याच्या आकाराचा फायदा तेवढा उरला. एंड झोनच्या कोनातून ही अदलाबदल फार स्पष्ट दिसते. शेजारी लेन जॉन्सनसारखा उजवा टॅकल आणि डोक्यावर त्या वेळी २०१३पासून ईगल्सची फळी घडवत आलेला जेफ स्टाउटलँडसारखा प्रशिक्षक असणे, हा त्यातला मोठा वाटा आहे, आणि तोही पाहणाऱ्याच्या लक्षात येतो : जॉन्सन एकटाच आपला माणूस अडवत असल्यामुळे गार्डला वारंवार आतल्या बाजूला मदतीसाठी मोकळे राहता येते.

आता या सेवेची मर्यादा, जी मला तिच्या किमतीपेक्षा कितीतरी महत्त्वाची वाटते. या चित्रीकरणाला आवाज नसतो आणि कोणत्या खेळाडूला कोणते काम दिले होते, हे कुठेही लिहिलेले नसते. दोन बचावपटू एकमेकांना छेदून जागा बदलतात तेव्हा गार्डने आपला माणूस शेजारच्या टॅकलकडे सोपवायचा असतो आणि टॅकलने आपला गार्डकडे. त्यातला एक जण मोकळा सुटून क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचला, तर चूक सोपवणाऱ्याची की घेणाऱ्याची, हे अनेकदा चित्रावरून ठरत नाही. सेंटरच्या बाबतीत ही अडचण आणखी वाढते. केल्सीचे मोठेपण स्नॅपच्या आधीच्या क्षणांत होते : बचावाची मांडणी वाचून संरक्षणाची दिशा बदलणे आणि इतर चौघांना ओरडून सांगणे. पडद्यावर आपल्याला फक्त हातवारे दिसतात. प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर गोंगाटामुळे मूक मोजणी वापरली जाते, तेव्हा गार्ड मान वळवून क्वार्टरबॅककडे पाहतो, सेंटरला थोपटतो आणि मग चेंडू सुटतो, एवढा एक भाग सुदैवाने डोळ्यांनी टिपता येतो. त्यापलीकडे नव्या सेंटरने सूचना बरोबर दिल्या की नाही, याचा अंदाज आपल्याला उलट्या दिशेने, म्हणजे किती बचावपटू कोणाचाही हात न लागता आत शिरले यावरून बांधावा लागतो. सेवेत जोडलेल्या ‘एनएफएल प्रो’ विभागातील आकडे आणि खेळी गाळून पाहण्याची सोय वेळ वाचवतात. हा प्रश्न मात्र सोडवत नाहीत.

पर्याय म्हणून प्रो फुटबॉल फोकस या विश्लेषण संस्थेचे गुण आहेत. तिथे प्रत्येक खेळाडूच्या प्रत्येक खेळीला उणे दोन ते अधिक दोन या पट्टीवर जोखले जाते. पण जोखणारेही बाहेरूनच पाहत असल्यामुळे कोणाचे काम काय होते, हा अंदाज त्यांनाही करावाच लागतो. ईएसपीएन या क्रीडा वाहिनीचा पास-ब्लॉक जिंकण्याचा दर लाइनमनने अडीच सेकंद आपला माणूस रोखला का, एवढेच खेळाडूंच्या हालचालींच्या नोंदींवरून मोजतो. दोन्ही उपयोगी आहेत, परंतु कोणते सामने बारकाईने पाहावेत हे ठरवण्यापुरते.

सगळ्याच बदल्या इतक्या सूक्ष्म नसतात, आणि काही वेळा या वर्गणीची गरजही भासत नाही. कॅन्सस सिटी चीफ्सचा डावा टॅकल ऑर्लँडो ब्राउन ज्युनिअर मार्च २०२३मध्ये सिनसिनाटी बेंगल्सकडे गेला. पुढचा हंगाम डोनोव्हन स्मिथवर निभावला. २०२४मध्ये दुसऱ्या फेरीतला नवखा किंग्सली सुआमताया तिथे उभा राहिला, आणि दुसऱ्याच सामन्यात, नेमका बेंगल्सविरुद्ध, त्यांच्या एज रशर ट्रे हेंड्रिक्सनसमोर त्याची अशी दैना झाली, की त्याच्या जागी वान्या मॉरिसला आणावे लागले. हे दूरचित्रवाणीवरही सर्वांना दिसले. त्यानंतर जे झाले ते पाहण्यासाठी मात्र ऑल-२२ हवे. हंगामाच्या उत्तरार्धात चीफ्सने आपला उत्कृष्ट डावा गार्ड जो थुनी टॅकलच्या जागेवर सरकवला आणि गार्डच्या जागी माइक कॅलिएंडो आला. एका भगदाडासाठी दुसरी भक्कम जागा मोकळी केली गेली. फेब्रुवारी २०२५मधील सुपर बोल या अंतिम सामन्यात चीफ्सविरुद्ध ईगल्सने जादा माणूस पाठवून दबाव आणलाच नाही, तरीही क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सला सहा वेळा सॅक केले (चेंडू फेकण्याआधीच पाडले) आणि सामना ४०–२२ असा जिंकला. तो सामना एंड झोनच्या कोनातून पाहताना केवळ डाव्या टॅकलवर डोळा ठेवला, तर गफलत होते. थुनी अनेक खेळींत आपल्यापरीने उभा आहे आणि खिंडार दुसरीकडेच पडलेले आहे. पुढच्या महिन्यात थुनी शिकागो बेअर्सकडे गेला, ड्राफ्टमध्ये ३२व्या क्रमांकावर टॅकल जॉश सिमन्स आला आणि सुआमतायाला गार्डच्या जागेवर उतरवण्यात आले. बेक्टनच्या बाबतीत ईगल्सने जे केले होते त्याच्याशी हा शेवटचा निर्णय ताडून पाहावा. मला तरी ही तुलना या वर्गणीचा सर्वांत रंजक उपयोग वाटते.

पैसे कोणी भरावेत, याचे उत्तर यातूनच निघते. आपल्या संघाचे सामने थेट पाहून समाधान होणाऱ्याने केवळ लाइनसाठी प्रीमियमच्या वाटेला जाऊ नये. त्याचप्रमाणे एखाद्या लाइनमनला संघात राखून ठेवणे परवडत होते का, हा प्रश्न पडला असेल, तर त्याचे उत्तर चित्रीकरणात नसून सॅलरी कॅपच्या (संघाच्या पगारखर्चाच्या मर्यादेच्या) हिशेबात आहे. २०२४मध्ये ती मर्यादा प्रत्येक संघासाठी २५ कोटी ५४ लाख डॉलर होती आणि २०२५मध्ये २७ कोटी ९२ लाख, आणि करारांचे तपशील विनामूल्य वाचायला मिळतात. ज्याला गेलेला आणि आलेला खेळाडू स्वतःच्या डोळ्यांनी तोलायचे आहेत, त्याने वर्षभराऐवजी महिन्याची वर्गणी घ्यावी आणि ती मार्चमध्ये फ्री एजन्सी उघडल्यावर घ्यावी, कारण तेव्हा नवे सामने नसतात आणि जुने शांतपणे पाहता येतात. प्रतिस्पर्धी निवडताना एकाच बचाव फळीविरुद्धचे दोन सामने घ्यावेत, एक जुन्या लाइनमनचा आणि एक नव्याचा. ईगल्ससाठी न्यूयॉर्क जायंट्स किंवा डॅलस काउबॉइज दर हंगामात दोनदा समोर येत असल्याने ही निवड सोपी होते. प्रत्येक खेळी किमान तीनदा पाहावी : एकदा फक्त त्या लाइनमनसाठी, एकदा त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांसाठी, आणि एकदा क्वार्टरबॅकने चेंडू किती वेळ हातात ठेवला यासाठी, कारण तीन-साडेतीन सेकंद चेंडू धरून बसलेल्या क्वार्टरबॅकचा सॅक लाइनमनच्या खात्यावर मांडणे अन्यायाचे आहे.