कलेचा इतिहास आणि कलाव्यवस्थापन एकत्र शिकताना : आठ महिन्यांचा अनुभव

ऑगस्टमध्ये प्रवेश घेतला, आता एप्रिल संपत आलाय. शनिवार-रविवार वर्ग, बाकी दिवस नोकरी. नागपुरात राहून हा अभ्यासक्रम करावा का, असं बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहितेय.

इतिहासाचा भाग उत्तम आहे. अजिंठ्याचं 16 क्रमांकाचं लेणं वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने करवून घेतलं, हे तिथल्या शिलालेखावरूनच कळतं. हरिषेणाची शाखा वत्सगुल्माची, म्हणजे आपल्या वाशीमची. प्रायोजकासाठी प्रस्ताव लिहायला शिकत होतो त्याच आठवड्यात हा शिलालेख वाचला आणि दोन्ही विषय एकमेकांत मिसळले. पैसा कोणी दिला, का दिला, नाव कुठे कोरलं, हे मी आता प्रत्येक कलाकृतीपुढे विचारते.

सरावासाठी अजब बंगल्यात अनेकदा गेलो. 1863 पासूनचं हे संग्रहालय लहानपणी पाहिलं होतं, तेव्हा फक्त भुसा भरलेले प्राणी आठवत होते. आता मूर्तीवरचा प्रकाश कुठून येतो, फलकावर काय लिहिलंय आणि काय राहिलंय, हे आधी दिसतं.

सगळ्यात जास्त शिकवलं ते कंडिशन रिपोर्टने, म्हणजे कलाकृतीच्या सध्याच्या अवस्थेच्या लेखी नोंदीने. एका जुन्या जलरंगचित्राचा मला करायचा होता. बॅटरीचा उजेड बाजूने, अगदी तिरका टाकला, तर समोरून सपाट दिसणाऱ्या कागदावर तीन घड्या, एक ठिगळ आणि कडेला कसरीने खाल्लेली नक्षी उठून आली. एका पानाच्या नोंदीला अडीच तास लागले. तेवढा वेळ मी कुठलंच चित्र पाहिलं नव्हतं.

मार्चअखेर आम्ही छोटं प्रदर्शन लावलं आणि तिथे चूक झाली. हॉल तापला म्हणून कुलर लावला. कुलर ओली हवा फेकतो, हे नागपूरकरांना सांगायला नको, पण चित्रांचा विचार कोणी केलाच नाही. दुपारपर्यंत दोन कागद फ्रेममध्ये लाटांसारखे फुगले. सरांनी पंख्याखाली वाळवू दिले नाहीत; बंद खोलीत हळूहळू सुकू दिले. एक पूर्ण सपाट झालं, दुसऱ्यावर अजून लाट आहे. तेव्हापासून हवेतली आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर माझ्या पिशवीतच असतो.

कमतरताही आहेत. हिशेब, जीएसटी, विमा, करारपत्रं हे सगळं शेवटच्या सहा आठवड्यांत कोंबलंय. पहिल्या महिन्यापासून हवं होतं. प्रवेशाच्या वेळी ज्या इंटर्नशिपचं आश्वासन होतं, ती मला स्वतः दारोदार विचारून मिळवावी लागली. 1972 च्या पुरावशेष कायद्यावर मात्र दोन नेमके तास झाले. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूची नोंदणी आणि निर्यातबंदी यातच कळली, आणि आजीच्या घरातल्या पितळी समईकडेही मी नव्याने पाहिलं.

फी भरण्यापूर्वी इंटर्नशिप कुठे, किती दिवस, हे लेखी घ्या. मी सध्या आठवड्यातून दोन संध्याकाळी एका खाजगी संग्रहाची नोंदवही लिहिते. 140 वस्तू झाल्यात, बऱ्याच उरल्यात.