आमदारकी की खासदारकी? नागपुरातून पहिल्यांदा उभं राहताना

वयाची अट दोन्हीकडे 25 वर्षंच. अनामत मात्र विधानसभेला 10 हजार, लोकसभेला 25 हजार. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला निम्मी. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळाली नाहीत आणि हरलात, तर ती जप्त.

खरा फरक पायांना कळतो. नागपूर लोकसभेत शहरातले सहाही विधानसभा मतदारसंघ येतात. उत्तर नागपूरची एकेक गल्ली पायी पिंजून काढता येते, दार वाजवून बोलता येतं. तेच सहापट क्षेत्र एका माणसाच्या पायांनी होत नाही. गाड्या लागतात, प्रत्येक बूथवर माणूस लागतो. खर्चाची कमाल मर्यादाच बघा ना: विधानसभेला 40 लाख, लोकसभेला 95 लाख.

अपक्षाला दोन्हीकडे त्याच मतदारसंघातले दहा सूचक, म्हणजे अर्जावर नाव सुचवून सही करणारे मतदार, लागतात. मी एकदा एका मित्राचा अर्ज भरायला बसलो होतो. एका सूचकाचा मतदार यादीतला अनुक्रमांक चुकला होता, तो वेळेत दिसला म्हणून बरं. भाऊ, यादी समोर ठेवूनच लिहा.

नळ, पोलीस ठाणं, सरकारी दवाखाना हे तुमचे प्रश्न असतील तर विधानसभाच. हिवाळी अधिवेशन तर आपल्याच सिव्हिल लाइन्सच्या विधानभवनात भरतं. रेल्वेसाठी भांडायचं असेल तर दिल्ली गाठावी. पण पक्ष पाठीशी नसलेल्या नवख्यानं आधी विधानसभाच लढवावी, असं मला मनापासून वाटतं.