ॲपल-१ प्रतिकृतीचं किट: बोर्ड चोख, चिप बनावट

‘संपूर्ण किट, सर्व चिप जुन्या साठ्यातल्या, न वापरलेल्या’ अशा जाहिरातीवरून मागवलेल्या, ॲपल-१ या ॲपल कंपनीच्या १९७६ च्या पहिल्या संगणकाची प्रतिकृती जोडण्याच्या एका किटचा हा पंचनामा आहे. विक्रेत्याचं नाव देत नाही. असे लोक नाव बदलून पुन्हा येतात, म्हणून त्यांची पद्धत ओळखता येणं जास्त कामाचं.

बोर्ड उत्तम होता, आणि गोम तिथेच आहे. कोरा बोर्ड आज कोणालाही चांगला छापून घेता येतो. तो पाहून विश्वास बसतो आणि बाकीच्या पिशव्या कोणी नीट उघडून पाहत नाही. किटचा खरा पैसा १९७६ च्या आसपासच्या, आता न बनणाऱ्या चिपमध्ये असतो: २५०४ आणि २५१९ शिफ्ट रजिस्टर (पडद्यावरची माहिती साठवून फिरवणाऱ्या चिप), अक्षरांचे आकार साठवणारी २५१३, डायनॅमिक रॅम (मेमरी). जोडणीचा क्रम मात्र आधी रेझिस्टर, डायोड, सॉकेट, मग कपॅसिटर, रेग्युलेटर आणि सर्वांत शेवटी चिप असा. तिथवर पोचेपर्यंत तक्रारीची मुदत संपलेली असते. या विक्रेत्याने तर ट्रान्सफॉर्मर ‘वेगळ्या पार्सलने’ उशिरा पाठवले. त्यांच्याशिवाय वीजच लावता येत नाही, मग दोष दिसणार कधी?

म्हणून तपासणीचा क्रम उलटा ठेवा. सोल्डरिंग लोखंड तापवण्याआधी चिप.

आधी नुसत्या डोळ्यांनी. पुसून नवं नाव छापलेल्या चिपवर वरची बाजू आणि कडा यांचा काळा रंग जुळत नाही, तिरप्या उजेडात घासल्याचे ओरखडे दिसतात, पिन १ जवळची गोल खळगी उथळ किंवा भरलेली वाटते. ॲसिटोनचा बोळा फिरवून पाहा, पण शाई निघाली नाही म्हणून चिप खरी असं समजू नका. नवे लेप ॲसिटोनला दाद देत नाहीत. चिप उलटी करून पाहणं जास्त उपयोगी, कारण खालची बाजू सहसा कोणी घासत नाही. या किटमधल्या सातही २५०४ वर एकच तारीख-कोड (चिप बनल्याची तारीख) होता, पण खाली साच्याच्या खुणा तीन तऱ्हेच्या.

आता ६५०२, म्हणजे या संगणकाचा प्रोसेसर. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं जोडलेली असली की बीप देणाऱ्या चाचणीवर) ठेवून पिन १ आणि २१ तपासा. मूळ एनमॉस (जुन्या, जास्त वीज खाणाऱ्या पद्धतीच्या) चिपमध्ये दोन्ही ग्राउंड आहेत, त्यामुळे बीप यायला हवा. डब्ल्यू६५सी०२एस या आजच्या चिपमध्ये पिन १ हे आउटपुट आहे. ती जुन्या बोर्डात बसवली की ते आउटपुट थेट ग्राउंडला शॉर्ट होतं. रॉकवेल कंपनीच्या सीमॉस (नंतरच्या, कमी वीज खाणाऱ्या पद्धतीच्या) ६५सी०२ मध्ये मात्र पिन १ ग्राउंडच असते, तेव्हा नुसत्या बीपवर थांबू नका.

बीप आला असेल तर ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग जोडायच्या पट्टीवर) पुढची चाचणी करा. पिन ८ ला ५ व्होल्ट. १ आणि २१ ग्राउंडला. २, ४, ६, ३८ प्रत्येकी ३.३ किलोओहममधून ५ व्होल्टला. पिन ३७ ला १ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर. पिन ४० ला तसाच रेझिस्टर आणि ग्राउंडकडे जाणारं रीसेटचं बटण. डेटाच्या पिनांवर ‘ईए’, म्हणजे काहीच न करण्याची आज्ञा, कायमची बांधा: २६, २७, २८, ३०, ३२ या १ किलोओहममधून ५ व्होल्टला, २९, ३१, ३३ तशाच ग्राउंडला. एलईडीची धन बाजू ५ व्होल्टला, ऋण बाजू २.२ किलोओहममधून पिन २५ ला. रीसेट दाबून सोडलं की एलईडी सेकंदाला साडेसात वेळा लुकलुकायला हवा. तसं झालं तर चिप जिवंत आहे. आता ५ व्होल्टच्या तारेत अँमीटर लावा. एनमॉस चिप कित्येक दहा मिलिअँपिअर खाते आणि हाताला कोमट लागते. सीमॉस जेमतेम काही मिलिअँपिअरवर भागवते. आमच्या किटमधली ‘१९७५ ची’ चिप थंडगार होती.

चालू ॲपल-१ हाताशी असेल तर चिप त्यात घालून हे रोमन अक्षरांत टाइप करा (पिन १-२१ चा बीप आलेला असेल तरच):

०: ए९ ०० १ए २० डीसी एफएफ ४सी १एफ एफएफ

मग ०आर. पडद्यावर ‘००००: ए९’ नंतर ०० आलं तर एनमॉस, ०१ आलं तर सीमॉस, कारण १ए ही आज्ञा फक्त सीमॉस चिप पाळते. तारीख-कोड १९७५ चा सांगून जादा पैसे मागितले असतील तर आणखी एक:

०: १८ ए९ ०२ ६ए २० डीसी एफएफ ४सी १एफ एफएफ

जून १९७६ पूर्वीच्या ६५०२ मध्ये ‘आरओआर’ (बिट उजवीकडे फिरवण्याची) आज्ञा नव्हती. इथे ०१ उमटलं तर चिप त्यानंतरची, वर काहीही छापलेलं असो.

२५०४ चं दुखणं वेगळं. ती आठ पायांची चिप, आणि आठ पायांचा कोणताही स्वस्त ऑप-अँप (साधी ॲम्प्लिफायर चिप) तिच्या नावाने रंगवता येतो. डायोड-चाचणीवर सातही चिपांची तीच-तीच पिन मोजून आकडे शेजारी मांडा. वेगळी पडणारी लगेच दिसते. सातही एकसारख्या बनावट असतील तर ही युक्ती फसते, मग पडदाच सांगतो. अक्षरांच्या सहापैकी एक चिप मेलेली असेल तर तो बिट अडकतो आणि ठरावीक अक्षरं नेहमी त्याच चुकीच्या रूपात उमटतात. सातवी मेली तर कर्सर दिसत नाही. याला लोक तासन्‌तास सोल्डरिंगचा दोष समजत बसतात.

प्रॉम (संगणकाचा कायमचा प्रोग्राम साठवणाऱ्या चिप) दोन, प्रत्येकी २५६ × ४ बिटची. चिप वाचणाऱ्या रीडरवर एक डी, ५, ए, ७, ८, १, डी अशी सुरू होते, दुसरी ८, ८, ०, एफ, सी, २, ०. आमच्या दोन्ही कोऱ्या निघाल्या.

एलएम३२३के हा ५ व्होल्ट स्थिर ठेवणारा, ३ अँपिअरचा रेग्युलेटर. हीटसिंकवर बसवून ८-९ व्होल्ट द्या आणि २.२ ओहम, २५ वॉटचा रेझिस्टर जोडा. आउटपुट ४.७५ च्या खाली घसरलं तर आत बहुधा लहान रेग्युलेटर आहे. निळे मोठे कपॅसिटर (५३०० मायक्रोफॅरॅडचा एक, २४०० चे दोन) मोजून घ्या. मोठ्या डब्यात छोटा कपॅसिटर लपवलेला असतो, आणि मग पडद्यावर आडवे पट्टे सरकतात.

तक्रार पहिलं पार्सल मिळाल्यापासून मोजून मुदतीत करा, दुसऱ्याची वाट पाहू नका. ‘चालत नाही’ असं लिहू नका. त्यावर ‘तुमचं सोल्डरिंग चुकलं’ हे उत्तर तयार असतं. ‘वर्णनाप्रमाणे नाही’ असं लिहा आणि न बसवलेल्या चिपांचे दोन्ही बाजूंचे फोटो, करंटचं मोजमाप, प्रॉमचं वाचन जोडा. एकदा चिपच्या पायांना सोल्डर लागलं की हा पुरावा गेला. पैसे ‘मित्राला पाठवतो’ या सोयीने दिले असतील तर तक्रारीचा मार्ग बहुधा बंदच असतो. थोडी सूट देऊन विक्रेता तोच मार्ग सुचवतो, ते त्यासाठीच.