छातीचा एक्स-रे, सोनोग्राफी की सीटी: दम लागतोय तेव्हा आधी काय करायचं?

धाप लागलेल्या माणसाला दवाखान्यात नेलं की नातेवाइकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "डॉक्टर, डायरेक्ट सीटीच करून टाका, सगळं एकदाच कळेल." इच्छा समजण्यासारखी आहे. पण सीटीसाठी पेशंटला मशीनपर्यंत न्यावं लागतं आणि उताणं झोपवावं लागतं. ज्याला उशा लावून बसवलं तरी श्वास पुरत नाही, त्याला आडवं कसं करणार? अशा वेळी सोनोग्राफीचं मशीन खाटेशी आणता येतं, पेशंट बसलेला असतानाच तपासता येतं आणि पाच-दहा मिनिटांत काम होतं.

सोनोग्राफीच्या लहरी हवेतून नीट जात नाहीत, म्हणून फुप्फुसाला तिचा उपयोग नाही असंच वर्षानुवर्षं मानलं जायचं. फ्रान्समधले आयसीयूचे डॉक्टर डॅनिएल लिख्टेनस्टाइन यांनी नेमक्या त्या हवेने पडद्यावर उमटणाऱ्या खोट्या रेघाच वाचायला घेतल्या. २००८ साली त्यांनी 'ब्लू प्रोटोकॉल', म्हणजे या रेघा वाचून धाप लागण्याचं कारण ओळखायची ठरावीक पद्धत, प्रसिद्ध केला. एकाएकी श्वास कोंडून आयसीयूत आलेल्या पेशंटांमध्ये या पद्धतीचं निदान नव्वद टक्क्यांच्या आसपास बरोबर ठरलं होतं.

पडद्यावर दिसतं ते असं: दोन बरगड्यांच्या काळ्या सावल्या आणि त्यांच्यामध्ये एक पांढरी रेघ. ही रेघ म्हणजे फुप्फुसाचं आवरण, प्लुरा. ती श्वासाबरोबर इकडून तिकडे सरकते. खाली समांतर आडव्या रेघा असतील तर त्या भागात हवा खेळती आहे. त्याऐवजी पांढऱ्या रेघेतून निघून पडद्याच्या तळापर्यंत जाणाऱ्या उभ्या पट्ट्या दिसल्या, त्याही दोन्ही बाजूंना, तर फुप्फुसात पाणी उतरल्याची शंका येते. बहुतेक वेळा हृदय थकलेलं असतं किंवा किडनी पाणी बाहेर टाकत नसते. डायलिसिस झाल्यावर याच पट्ट्या कमी होताना दिसतात. दमा किंवा सीओपीडीचा (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार, बहुधा धुरामुळे) अटॅक असेल तर सहसा आडव्या रेघाच राहतात. पाणी उतरलेल्याला लॅसिक्स, म्हणजे लघवीवाटे पाणी काढणारं औषध, लागतं; दम्याच्या पेशंटला नेब्युलायझर, म्हणजे वाफेतून औषध. रात्री दोन वाजता हा फरक लगेच कळणं फार मोलाचं असतं.

सोनोग्राफीपुढे बाकी दोघं फिकी पडतात ती फुप्फुसाबाहेर, प्लुरामध्ये साठलेल्या पाण्याच्या बाबतीत. उभं राहून समोरून काढलेल्या एक्स-रेत साधारण २०० मिली पाणी जमेपर्यंत खात्रीने काही सांगता येत नाही. सोनोग्राफीत २० मिलीच्या आसपासही दिसू शकतं. टीबीच्या किंवा पू झालेल्या पाण्यात जाळ्या तयार होतात, त्याही सीटीपेक्षा इथे स्पष्ट दिसतात. जाळ्या असतील तर एका सुईने सगळं पाणी निघणार नाही, हे आधीच कळतं.

आणि सुई घालायचीच असेल तर माझं मत पक्कं आहे: सोनोग्राफीशिवाय घालू देऊ नका. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीने २०१० मध्येच हा आग्रह धरला होता. आपल्याकडे एक अर्धवट पद्धत चालते. सोनोग्राफीच्या खोलीत पाठीवर पेनाने फुली मारायची, पेशंटला वॉर्डात परत पाठवायचं आणि दोन तासांनी त्या फुलीवर सुई टोचायची. तोवर पेशंटची बसायची पद्धत बदललेली असते, पाणी सरकलेलं असतं, डायफ्रॅम (छाती आणि पोटामधला स्नायूचा पडदा) वर आलेला असतो. फुली तिथेच, पण खालचं सगळं हललेलं! मशीन आणि सुई एकाच वेळी, एकाच जागी हवीत.

न्यूमोथोरॅक्स, म्हणजे प्लुरात हवा शिरली असेल, तर पांढरी रेघ सरकायची थांबते. झोपलेल्या पेशंटच्या एक्स-रेत सुटून जाणारी हवाही अशी सापडते. पण सीओपीडीच्या पेशंटच्या फुप्फुसात हवेचे मोठे फुगे असतील किंवा आवरण चिकटलेलं असेल तरी रेघ थांबते. तेवढ्यावरून हवा काढायला छातीत नळी टाकायची घाई नको.

आता सोनोग्राफी कुठे कमी पडते ते. आवरणापर्यंत न पोहोचलेलं काहीही तिला दिसत नाही. मध्यभागातली गाठ, खोलवरची टीबीची पोकळी, खांद्याच्या फऱ्यामागचा भाग, सगळं अंधारात. स्थूल पेशंटमध्ये चित्र धूसर येतं. त्यामुळे महिनाभराचा खोकला, वजन उतरणं, थुंकीत रक्त असेल तर 'सोनोग्राफी नॉर्मल आहे' यावर समाधान मानू नका. तिथे साधा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी, म्हणजे टीबीचे जंतू शोधणारी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट टेस्ट, हाच रस्ता. एक्स-रे स्वस्त आहे, अख्खी छाती एका नजरेत दाखवतो आणि जुन्या फिल्मशी ताडून बघता येतो. जुन्या फिल्म फेकू नका.

सीटी लागतं ते कॅन्सरच्या शंकेला, फुप्फुसाच्या जाळीदार आजारांना आणि रक्ताच्या गुठळीच्या शंकेला. गुठळीसाठी कॉन्ट्रास्ट, म्हणजे रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून औषध, द्यावं लागतं; ते किडनीला झेपेल का हे बघायला क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट सोबत ठेवा. छातीच्या एका साध्या सीटीत किरणोत्सर्ग साधारण साठ-सत्तर एक्स-रेंइतका होतो. लहान मुलांच्या न्यूमोनियात म्हणूनच सोनोग्राफीचा विचार आधी करावा. मुलांची छाती लहान, न्यूमोनियाचा भाग बहुधा आवरणाला टेकलेला, त्यामुळे तो सापडतोही.

एक व्यावहारिक अडचण. पीसीपीएनडीटी कायदा १९९४ चा, लिंगनिदान रोखण्यासाठीचा. पण सोनोग्राफीचं मशीन छातीसाठी वापरलं तरी या कायद्याखालची नोंदणी चुकत नाही. पोर्टेबल मशीनही नोंदवलेल्या रुग्णालयाच्या आवाराबाहेर सहजासहजी नेता येत नाही. तेव्हा 'घरी येऊन सोनोग्राफी करा' म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नका. त्यापेक्षा फुप्फुसाची सोनोग्राफी नेहमी करणारं कोण आहे ते विचारा, कारण ही तपासणी करणाऱ्याच्या हातावर फार अवलंबून असते. चिठ्ठीवर नुसतं 'यूएसजी चेस्ट' नको. 'पाणी किती, जाळ्या आहेत का, सुई कुठून' असं डॉक्टरांकडून लिहून घ्या.

न्यूमोनिया बरा झाल्यावर सोनोग्राफी स्वच्छ आली, तरी पन्नाशी ओलांडलेल्यांनी आणि बिडी-सिगरेट ओढणाऱ्यांनी साधारण सहा आठवड्यांनी एक्स-रे करून घ्यावा. न्यूमोनियाच्या आड गाठ लपलेली असू शकते.