पालो आल्टोच्या पीए-४४० वरील एसएसएल डिक्रिप्शन : वापरानंतरचे परीक्षण

नाशिकजवळच्या आमच्या कारखान्याच्या कार्यालयात पालो आल्टो नेटवर्क्सची पीए-४४० ही फायरवॉल, म्हणजे इंटरनेट आणि आपले नेटवर्क यांच्यातली वाहतूक तपासून अडवणारे यंत्र, बसवून आता दोन वर्षे झाली. कूटबद्ध वाहतूक उलगडून तपासण्याची तिची सोय, म्हणजे एसएसएल डिक्रिप्शन, आम्ही पहिले काही महिने बंदच ठेवली होती. ती सुरू करायला एक साधी चाचणी कारणीभूत ठरली. विषाणूरोधक यंत्रणा काम करते आहे की नाही हे पाहण्यासाठी ईकार नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी फाइल सर्वत्र वापरली जाते. ती साध्या, कूटबद्ध नसलेल्या एचटीटीपीवरून मागवली तेव्हा फायरवॉलने लगेच अडवली. तीच फाइल कूटबद्ध एचटीटीपीएसवरून मागवली, तर थ्रेट लॉगमध्ये (धोक्यांच्या नोंदवहीत) एकही नोंद न होता ती संगणकावर येऊन पडली. आज बहुतेक संकेतस्थळे एचटीटीपीएसवरच चालतात. म्हणजे धोके ओळखण्याच्या परवान्यासाठी दरवर्षी पैसे भरूनही येणारा बहुतांश मजकूर आम्ही न पाहताच आत सोडत होतो. डिक्रिप्शनला स्वतंत्र परवाना लागत नाही, हे कळल्यावर थांबण्याचे कारण उरले नाही.

फायरवॉल हे काम मध्यस्थ म्हणून करते. कर्मचाऱ्याच्या ब्राउझरने एखाद्या संकेतस्थळाशी जोडणी मागितली, की फायरवॉल त्या सर्व्हरशी स्वतः टीएलएस (एसएसएलची आजची आवृत्ती) जोडणी करते, त्याचे प्रमाणपत्र, म्हणजे ओळखीचा डिजिटल दाखला, तपासते आणि त्याच नावाचे दुसरे प्रमाणपत्र स्वतःच्या सहीने बनवून ब्राउझरपुढे ठेवते. दोन्ही जोडण्यांच्या मध्ये मजकूर उघडा होतो, तपासला जातो आणि पुन्हा कूटबद्ध होऊन पुढे जातो. ऑगस्ट २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टीएलएस १.३ मध्ये सर्व्हरची खाजगी किल्ली हाती ठेवून बाजूने नुसते ऐकण्याचा जुना मार्ग बंद झाला आहे, त्यामुळे मध्ये उभे राहण्यावाचून पर्याय नाही. या फायरवॉलमध्ये टीएलएस १.३ उलगडण्याची क्षमता तिच्या पॅन-ओएस या कार्यप्रणालीच्या १०.० आवृत्तीपासून आली, आम्ही १०.२ वापरतो.

या उत्पादनातली मला सर्वाधिक आवडलेली गोष्ट म्हणजे सही करण्यासाठी ठेवलेली दोन वेगळी प्रमाणपत्रे. मूळ सर्व्हरचे प्रमाणपत्र विश्वासार्ह असेल, तर फायरवॉल 'फॉरवर्ड ट्रस्ट' प्रमाणपत्राने सही करते. ते अज्ञात संस्थेने दिलेले असेल, तर 'फॉरवर्ड अनट्रस्ट'ने. पहिले सर्व संगणकांवर विश्वासार्ह म्हणून बसवायचे असते आणि दुसरे कुठेही बसवायचे नसते, म्हणून संशयास्पद संकेतस्थळावर ब्राउझर पूर्वीसारखाच धोक्याची सूचना दाखवतो. ही बाब किरकोळ नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखवून दिले होते की मध्ये बसणारी अनेक उपकरणे आणि विषाणूरोधक प्रणाली मूळ जोडणीपेक्षा दुबळी जोडणी करतात, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेच्या यूएस-सर्ट या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेनेही याबाबत इशारा दिला होता. ब्राउझरला फक्त फायरवॉलचे प्रमाणपत्र दिसते. मूळ प्रमाणपत्रात खोट असेल आणि फायरवॉलने ती गिळून टाकली, तर सुरक्षेसाठी घेतलेले उपकरणच वापरकर्त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधते. म्हणून आम्ही बॅडएसएसएल या चाचणी-संकेतस्थळावरची मुदत संपलेली, स्वतःच सही केलेली आणि रद्द झालेली प्रमाणपत्रे एकेक करून तपासली. मुदत संपलेल्या प्रमाणपत्राची जोडणी तोडण्याचा पर्याय डिक्रिप्शन प्रोफाइलमध्ये निवडावा लागला आणि प्रमाणपत्र रद्द झाले आहे का ही तपासणीही मुद्दाम सुरू करावी लागली. हे दोन बदल केल्यावर तिन्ही बाबतींत समाधानकारक निकाल मिळाला. नव्याने सुरुवात करणाऱ्याने ही चाचणी पहिल्याच दिवशी करावी.

सहीचे प्रमाणपत्र फायरवॉलवरच तयार करता येते, परंतु आम्ही ते कार्यालयाच्या अंतर्गत प्रमाणपत्र-सर्व्हरकडून दुय्यम म्हणून घेतले, जेणेकरून वेळ पडल्यास ते रद्द करता येईल. इथे आग्रहाने सांगावेसे वाटते की या प्रमाणपत्राच्या खाजगी किल्लीइतकी जपण्याजोगी दुसरी वस्तू नेटवर्कमध्ये नाही. २०१५ मध्ये लेनोव्होच्या काही लॅपटॉपवर आढळलेल्या सुपरफिश या प्रणालीने सर्व यंत्रांवर एकच किल्ली ठेवली होती, आणि ती बाहेर पडताच त्या प्रत्येक लॅपटॉपला कोणत्याही संकेतस्थळाच्या नावाने फसवणे शक्य झाले. डिसेंबर २०१३ मध्ये फ्रान्सच्या सरकारी माहिती-सुरक्षा संस्थेच्या साखळीतून दिलेले एक मध्यस्थ प्रमाणपत्र अशाच तपासणी-उपकरणात वापरले जात असल्याचे गूगलला आढळले, तेव्हा क्रोमने ते तातडीने नाकारले. जगाचा विश्वास असलेल्या साखळीतले प्रमाणपत्र या कामासाठी वापरायचे नसते. ते आपल्या घरचेच असावे आणि आपल्या यंत्रांपुरतेच असावे.

विंडोज संगणकांवर हे प्रमाणपत्र ग्रुप पॉलिसीने (सर्व संगणकांना एकाच ठिकाणाहून सेटिंग देण्याच्या सोयीने) एका दुपारात पोहोचले. क्रोम आणि एज ते तिथूनच घेतात, फायरफॉक्ससाठी पॉलिसी तपासून घ्यावी लागली. खरे कष्ट पुढे होते. जावा, पायथन आणि नोड या प्रोग्रामिंगच्या साधनांना विश्वासार्ह प्रमाणपत्रांची स्वतःची यादी असते, त्यामुळे आमच्या विकासकांची साधने एकामागून एक थांबत गेली आणि प्रत्येकाला प्रमाणपत्र वेगळे द्यावे लागले. अँड्रॉइड ७ पासून ॲप्स वापरकर्त्याने बसवलेले प्रमाणपत्र सहसा मानत नाहीत. हा अँड्रॉइडचा दोष नव्हे, त्याने केलेले योग्य संरक्षण आहे, आणि म्हणूनच मोबाइल फोनांसाठी व पाहुण्यांसाठी आम्ही वेगळे नेटवर्क ठेवले, जिथे काहीही उलगडले जात नाही. क्विक या वेगळ्या जोडणी-पद्धतीचाही बंदोबस्त करावा लागला. ब्राउझर यूडीपीच्या ४४३ क्रमांकाच्या पोर्टवरून क्विकने बोलू लागला की डिक्रिप्शनला वाव उरत नाही; ते अडवले, की तो मुकाट्याने नेहमीच्या टीएलएसवर परततो.

आता वगळण्याच्या यादीविषयी. डिक्रिप्शनमुळे मोडणाऱ्या ज्ञात सेवांची यादी फायरवॉलसोबतच येते आणि ती चांगली आहे. त्याशिवाय बँकिंग व आरोग्य या वर्गांतल्या संकेतस्थळांची वाहतूक उलगडायची नाही, हा नियम आम्ही सर्वांत वर ठेवला. वर्गानुसार वगळण्यासाठी मात्र यूआरएल फिल्टरिंगचा (संकेतस्थळांचे वर्ग ओळखणाऱ्या सोयीचा) परवाना हवा. तरीही पगाराच्या दिवशी लेखा विभागाचे पैसे पाठवण्याचे सॉफ्टवेअर बंद पडले. ते सॉफ्टवेअर एकाच ठरावीक प्रमाणपत्राला मानणारे होते आणि बँकेच्या मुख्य संकेतस्थळाखेरीज दुसऱ्याच नावाच्या सर्व्हरशी बोलत होते. ते नाव बँकिंग वर्गात मोडत नव्हते आणि आम्ही आधी तपासलेही नव्हते. दोन तास सर्व जण खोळंबले. पॅन-ओएस १०.० पासून मिळणाऱ्या डिक्रिप्शन लॉगमध्ये फसलेल्या टीएलएस जोडणीचे कारण आणि सर्व्हरचे नाव दोन्ही दिसले म्हणून उपाय सापडला. अन्यथा आम्ही घाबरून सगळेच डिक्रिप्शन बंद केले असते. केवळ या लॉगसाठीसुद्धा मी या उत्पादनाला जास्तीचे गुण देईन.

ज्यांची वाहतूक उघडली जाते त्या माणसांविषयी विक्रीच्या माहितीपत्रकांत फारसे लिहिलेले नसते. डिक्रिप्शन नसताना लॉगमध्ये फक्त संकेतस्थळाचे नाव उतरते. ते सुरू झाले की पूर्ण पत्ता उतरतो, आणि त्यात माणसाने शोधलेले शब्दही असतात. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात. म्हणजे एखाद्या सहकाऱ्याने दुपारच्या सुट्टीत शोधलेला आजार किंवा नवी नोकरी सहा महिने आमच्या सर्व्हरवर पडून राहते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा नोकरीच्या संदर्भात संस्थेला नुकसानीपासून वाचवण्यासाठी अशा प्रक्रियेला काही वाव देतो. परंतु केवळ त्या तरतुदीवर विसंबून गप्प राहणे मला मान्य नाही. आम्ही मराठीत एक पानाची सूचना लिहून प्रत्येकाला दिली, लॉग पाहण्याचा अधिकार दोघांपुरताच ठेवला आणि फायरवॉलमधली एक दुर्लक्षित सोय वापरली: उलगडण्यापूर्वी वापरकर्त्याला तसे कळवणारे आणि नको असल्यास परत फिरू देणारे पान. ते दाखवू लागल्यापासून लोकांच्या तक्रारी वाढतील अशी भीती होती. प्रत्यक्षात प्रश्न वाढले, आणि ते विचारण्याजोगेच होते.

यंत्रावरचा भार डिक्रिप्शनमुळे स्पष्टपणे वाढतो, कारण प्रत्येक नव्या जोडणीसाठी किल्ल्यांची देवाणघेवाण दोनदा होते. म्हणून आम्ही एकेक विभाग करत पुढे गेलो, आणि आजच्या वापराला पीए-४४० पुरते. खरेदीच्या वेळी एका पुरवठादाराने आम्हाला केवळ डिक्रिप्शनविना मोजलेला वेग दाखवला होता. तो आकडा या कामासाठी निरुपयोगी आहे. डिक्रिप्शन आणि धोके-तपासणी दोन्ही सुरू असतानाचा वेग लेखी मागावा, आणि शक्य असल्यास आपल्याच वाहतुकीवर एक आठवडा चालवून पाहावा. प्रमाणपत्रे, वगळण्याची यादी आणि लोकांच्या शंका यांसाठी वेळ देऊ शकेल असा किमान एक माणूस ज्या कार्यालयात आहे, त्याला मी ही सोय निःशंकपणे सुचवीन. तसा माणूस नसेल, तर तूर्त ती बंद ठेवावी आणि प्रत्येक संगणकावरच्या संरक्षणावर खर्च करावा.