फायरफॉक्सचा लेआउट इन्स्पेक्टर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

पान क्रोममध्ये नीट दिसतं, फायरफॉक्समध्ये आडवा स्क्रोलबार येतो आणि आयफोनवर तळाचं बटण ॲड्रेस बारखाली दडतं. या जातीच्या तक्रारी सोडवण्यासाठी फायरफॉक्सचे डेव्हलपर टूल्स (पानाची रचना तपासायची ब्राउझरमधलीच साधनं), विशेषतः त्यातला इन्स्पेक्टर, आठ महिने रोज वापरल्यानंतरचा हा अनुभव. डेस्कटॉपवर फायरफॉक्सची डेव्हलपर एडिशन, शेजारी क्रोम उघडं, आणि सफारीसाठी हातात खरा फोन. नेटवर्क, परफॉर्मन्स वगैरे टॅबांबद्दल इथे काही नाही.

हे साधन का ठेवावं याचं एकच कारण द्यायचं तर ते म्हणजे फ्लेक्स आयटमचा हिशेब. फ्लेक्स म्हणजे डबे एका रांगेत मांडून जागा वाटून देणारी सीएसएसची (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेची) पद्धत. फ्लेक्स कंटेनरमधला एखादा चाइल्ड (आतला डबा) निवडून लेआउट टॅब उघडला की तो इतका रुंद का झाला ते पायरीपायरीने दिसतं: बेस साइझ किती, फ्लेक्सिबिलिटीने किती वाढला किंवा आकसला, मिनिमम साइझने कुठे अडवलं, फायनल साइझ किती. समजा कंटेनर ६०० पिक्सेलचा, साइडबारला 'फ्लेक्स: ० ० २००पीएक्स' (कायम २०० पिक्सेल) आणि मजकुराला 'फ्लेक्स: १' (उरलेली जागा). मजकुराच्या वाट्याला ४०० यायला हवेत. पण आत कोडची न तुटणारी ५२० पिक्सेलची ओळ आहे. पॅनेलमध्ये बेस साइझ ०, वाढ ४००, मिनिमम साइझ ५२०, फायनल ५२० असं दिसतं आणि पान १२० पिक्सेल बाहेर का गेलं ते तिथल्या तिथे कळतं. फ्लेक्स आयटमची 'मिन-विड्थ' (किमान रुंदी) मुळातच 'ऑटो' असते, म्हणजे आतल्या न तुटणाऱ्या मजकुरापेक्षा लहान व्हायला तो तयार नसतो. मजकुराला 'मिन-विड्थ: ०' आणि कोडच्या डब्याला 'ओव्हरफ्लो-एक्स: ऑटो' (गरज पडली तर त्याच डब्यात आडवा स्क्रोल) दिलं की प्रश्न मिटतो. फ्लेक्समध्ये फ्लेक्स असेल तर हे शून्य प्रत्येक पातळीवर द्यावं लागतं. मधली एक पातळी राहिली तरी सगळं व्यर्थ. फॉर्ममधला 'फील्डसेट' (रकान्यांचा गट बांधणारी चौकट) असाच हट्टी, त्याची स्वतःची किमान रुंदी 'मिन-कंटेंट', म्हणजे आतल्या न तुटणाऱ्या मजकुराएवढी असते. ग्रिडमध्ये (ओळी-स्तंभांच्या मांडणीत) तोच रोग '१एफआर'च्या (मोकळ्या जागेच्या एका वाट्याच्या) रूपाने येतो, कारण त्याचा खरा अर्थ 'मिनमॅक्स(ऑटो, १एफआर)' असा आहे. तिथे 'मिनमॅक्स(०, १एफआर)' लिहावं.

हे सगळ्या ब्राउझरांत सारखंच आहे, स्पेसिफिकेशनच तसं आहे. मग फरक कुठून येतो? बहुतेकदा फॉन्टातून. तोच सर्वांत लांब शब्द एका ठिकाणी ३९० पिक्सेल भरतो, दुसरीकडे ४०५, आणि जागा असते ४००ची. एक ब्राउझर 'बरोबर' आणि दुसरा 'चूक' वाटतो, प्रत्यक्षात लेआउट दोन्हीकडे काठावरच उभा असतो. म्हणून लेआउटनंतर लगेच फॉन्ट्स टॅब पाहायची सवय लावून घ्यावी. सीएसएसमध्ये काय लिहिलंय यापेक्षा निवडलेल्या मजकुराला प्रत्यक्षात कोणता फॉन्ट लागला हे तो दाखवतो. मजकुराच्या लिपीची अक्षरं पहिल्या फॉन्टात नसतील तर प्रत्येक यंत्रणा आपापला पर्यायी फॉन्ट आणते, आणि 'लाइन-हाइट: नॉर्मल' फॉन्टच्या मापांवर ठरत असल्याने ओळींची उंचीही बदलते. 'लाइन-हाइट: १.५' असा निव्वळ आकडा दिला की उंचीचा अर्धा वाद संपतो. बटण आणि इनपुट पानाचा फॉन्ट आपणहून घेत नाहीत; त्यांना 'फॉन्ट: इनहेरिट' सांगावं लागतं. अर्ध्याएक पिक्सेलच्या फरकामागे मात्र धावू नये. गेको (फायरफॉक्सचं इंजिन) पिक्सेलचे ६० भाग करून मोजतो, ब्लिंक (क्रोमचं) आणि वेबकिट (सफारीचं) ६४, त्यामुळे तीन स्तंभांच्या कडा सगळीकडे तंतोतंत जुळायच्या नाहीतच.

आडव्या स्क्रोलबारसाठी मार्कअपच्या (पानाच्या एचटीएमएलच्या) झाडात एलिमेंटशेजारी 'स्क्रोल' असा छोटा बिल्ला येतो. तो दाबला की ओव्हरफ्लो घडवणारे एलिमेंट ठळक होतात. त्याआधीची सर्वत्र चालणारी पद्धत म्हणजे बॉडीवर 'ओव्हरफ्लो-एक्स: हिडन' थापणं, आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. वर त्या लपवालपवीने आतला 'पोझिशन: स्टिकी' (स्क्रोल करताना जागेवर चिकटून राहणं) बिघडण्याची शक्यता, कारण स्टिकी एलिमेंट ओव्हरफ्लो बदललेल्या सर्वांत जवळच्या पूर्वजाला चिकटतो. सापडणारा गुन्हेगार पुष्कळदा 'विड्थ: १००व्हीडब्ल्यू' (खिडकीची पूर्ण रुंदी) निघतो. या मापात उभ्या स्क्रोलबारची जागा धरलेली असते, त्यामुळे जिथे स्क्रोलबार साधारण १५ ते १७ पिक्सेल खातो तिथे पान तेवढंच बाहेर येतं. फोनवर किंवा ट्रॅकपॅड वापरणाऱ्या मॅकवर स्क्रोलबार तरंगता असतो, तिथे काहीच दिसत नाही. साधं '१००%' पुरतं.

स्टाइल्सच्या यादीत परिणाम न करणारी ओळ करडी होते आणि शेजारच्या खुणेवर गेलं की कारणही कळतं. इनलाइन एलिमेंटला दिलेली 'विड्थ', ब्लॉकवरचा 'व्हर्टिकल-अलाइन' अशा चुका यात चटकन सापडतात. ही सोय २०१९मध्ये आवृत्ती ७०पासून आहे. मात्र ती ठरावीक नियमच तपासते. ओळ करडी झाली नाही म्हणजे ती कामाची आहे असं समजू नये.

कंपॅटिबिलिटी पॅनेलकडून मोठ्या अपेक्षा ठेवल्या तर निराशा होईल. निवडलेल्या एलिमेंटवरच्या आणि पानभरच्या कोणत्या प्रॉपर्टी कोणत्या ब्राउझरात चालत नाहीत हे ते सांगतं; सेटिंगमधून नको असलेले ब्राउझर वगळता येतात. पण त्याचा भर प्रॉपर्टीच्या नावावर आहे. 'हाइट' सगळीकडे चालते, तिच्यापुढचं '१००डीव्हीएच' (ॲड्रेस बारनुसार बदलणारी खिडकीची उंची) जुन्या सफारीत चालत नाही, आणि नेमकं तेच निसटतं. 'गॅप'चं (डब्यांमधल्या अंतराचं) दुखणं आणखी फसवं. फ्लेक्समधला गॅप फायरफॉक्समध्ये ६३पासून आहे, क्रोममध्ये ८४ आणि सफारीत १४.१पासून. त्याआधीच्या सफारीत ग्रिडचा गॅप होताच, म्हणून '@सपोर्ट्स (गॅप: १०पीएक्स)' ही ब्राउझरला गॅप कळतो का असं विचारणारी ओळ तिथेही 'हो' असंच उत्तर देते आणि फ्लेक्समधले डबे तरीही एकमेकांना चिकटतात. जुने फोन सांभाळायचे असतील तर मार्जिन वापरणं बरं. 'हॅज' सिलेक्टर (आत अमुक काही असलेला एलिमेंट निवडणारा) फायरफॉक्समध्ये डिसेंबर २०२३ला आवृत्ती १२१मध्ये आला. जो ब्राउझर तो ओळखत नाही तो स्वल्पविरामाने जोडलेला सगळाच नियम टाकून देतो, म्हणून तो वेगळ्या नियमात लिहावा.

आता सर्वांत मोठी उणीव. पान वेगवेगळ्या फोनच्या मापात दाखवणाऱ्या रिस्पॉन्सिव्ह डिझाइन मोड (कंट्रोल-शिफ्ट-एम) मध्ये आयफोन निवडला की चौकट आयफोनची येते, इंजिन गेकोच राहतं. तिथे आकसणारा ॲड्रेस बार नसतो, त्यामुळे 'व्हीएच', 'एसव्हीएच' आणि 'डीव्हीएच' तिन्ही एकच माप देतात. खऱ्या सफारीत '१००व्हीएच' म्हणजे बार आकसल्यानंतरची मोठी उंची, म्हणून बार दिसत असताना तळाचं बटण बाहेर जातं. आधी 'हाइट: १००व्हीएच', त्याखाली 'हाइट: १००डीव्हीएच' अशा दोन ओळी लिहाव्यात; दुसरी न कळणारा ब्राउझर तिला सोडून पहिलीवर थांबतो. 'डीव्हीएच' सफारी १५.४, फायरफॉक्स १०१ आणि क्रोम १०८पासून आहे. स्क्रोल करताना उंची बदलून मजकूर हलत असेल तर 'एसव्हीएच' (बार दिसत असतानाची लहान उंची) घ्यावा. इनपुटचा फॉन्ट १६ पिक्सेलपेक्षा लहान असला की बोट लागताच आयफोन पान मोठं करतो, हेही या मोडमध्ये कधीच दिसणार नाही.

मॅक नसेल तर पंचाईत होते. विंडोजसाठी सफारी २०१२च्या ५.१.७वरच थांबलं. प्लेराइटसोबत (ब्राउझर आपोआप चालवून चाचण्या घेणाऱ्या साधनासोबत) येणारं वेबकिट विंडोज आणि लिनक्सवर चालतं. फ्लेक्स, ग्रिड, सिलेक्टर तपासायला ते पुरतं, पण फॉन्ट, फॉर्म कंट्रोल आणि ॲड्रेस बारसाठी खरा फोनच लागतो.

ग्रिडच्या आच्छादनात (पानावर रेषा काढून दाखवणाऱ्या थरात) रेषांचे क्रमांक, ऋण क्रमांकसुद्धा, आणि एरियांची नावं दिसतात. सबग्रिड (आतल्या ग्रिडने बाहेरच्या ग्रिडच्या रेषा वापरणं) फायरफॉक्समध्ये २०१९पासून असल्याने त्याचं चित्र इथे चांगलं उमगतं. क्रोममध्येही ग्रिड आणि फ्लेक्सची आच्छादनं आहेत आणि ती वाईट नाहीत. पण मिनिमम साइझचा तो हिशेब तिथे असा मांडलेला नसतो.

काहीच ताळमेळ लागत नसेल तर कन्सोलमध्ये 'डॉक्युमेंट.कॉम्पॅटमोड' टाकून बघावं. उत्तर 'बॅककॉम्पॅट' आलं तर डॉकटाइप (एचटीएमएलची पहिली ओळ) गायब आहे किंवा चुकला आहे आणि पान क्वर्क्स मोडमध्ये, म्हणजे जुन्या ब्राउझरांच्या नियमांनी चाललंय. तोवर बाकीची शोधाशोध वेळ घालवणं आहे.

इन्स्पेक्टरमध्ये करून पाहिलेले सगळे बदल चेंजेस टॅबमध्ये जुनी ओळ आणि नवी ओळ असे जमा होतात. पान रीलोड झालं की बदल जातात आणि ती यादीही जाते, म्हणून आधी 'कॉपी ऑल चेंजेस', मग रीलोड.